सरकवण्या आणि सासूबाईंचा गुडघा

चष्मेवाल्यांच्या घरी खालच्या मजल्यावर राहण्याजोगी एकच खोली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई तिथे राहायला येणार असं ठरलं तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली, "येऊ देत की, घर त्यांचंच आहे," असंही म्हणाले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तहान नसताना पेलाभर पाणी प्यायले. सासूबाईंशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांत कधी शब्दाने शब्द वाढला नव्हता. मुख्य कारण हे, की दोघांत मुळात शब्दच फारसे झाले नव्हते. 'प्रवास कसा झाला' आणि 'तब्येत काय म्हणते' या दोन खुंट्यांवर ते नातं वर्षानुवर्षं व्यवस्थित टांगलेलं होतं. अडचण सासूबाईंची नव्हतीच. अडचण कपाटाची होती.

कपाट त्याच खोलीत होतं. एके काळी नकाशे ठेवायला केलेलं, रुंद आणि उथळ खणांचं, भिंतभर लांब. ते वर न्यायची सोय नव्हती, कारण जिन्याच्या वळणावर ते वळत नसे. आणि त्यात चष्मेवाल्यांचा अर्धा जीव होता.

त्यात कोडी होती. चपट्या चौकटीत बसवलेले तुकडे, त्यांच्यात एखादी मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेच्या जोरावर तुकडे सरकवत सरकवत आकडे ओळीने लावायचे किंवा चित्र जुळवायचं, अशी. विकणारे त्यांना काहीही म्हणोत, चष्मेवाल्यांच्या बायकोने त्यांना 'सरकवण्या' असं नाव ठेवलं होतं आणि घरात तेच रुळलं होतं. वरच्या खणांत आकड्यांच्या सरकवण्या: पत्र्याच्या, प्लास्टिकच्या, हाताळून हाताळून आकडे पुसट झालेल्या हाडाच्या. त्याखाली चित्रांच्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाहिरातीच्या. टायरवाल्यांनी, शिलाई मशीनवाल्यांनी, दंतमंजनवाल्यांनी कधीकाळी गिऱ्हाइकांना फुकट वाटलेल्या. मग लाकडी, लहानमोठ्या ठोकळ्यांच्या, ज्यांत सगळ्यांत दांडग्या ठोकळ्याला बाकीच्यांच्या गर्दीतून वाट काढत दाराशी आणायचं असतं. काहींचे तुकडे कोपरा तुटलेल्या बिस्किटासारखे वाकडे. काहींत मोटारगाड्या, ज्या आपल्या रांगेत पुढेमागे होतात, पण आडव्या म्हणून सरकत नाहीत. अक्षरांच्याही होत्या. एक गोल होती, संत्र्याच्या फोडींसारख्या तुकड्यांची. ती हातात घेतली की तुकडे आपोआप घरंगळत, म्हणून ती कापसात ठेवलेली असे. उलगडायची, फिरवायची, घनाकृती कोडी मात्र चष्मेवाले गोळा करत नसत. "चपटं असेल तरच," असं ते म्हणत, जणू जाडी हा चारित्र्याचा दोष आहे.

पण हा संग्रह नावाजला गेला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. चष्मेवाले एकही सरकवणी सरकवत नसत. ज्या अवस्थेत हाती आली त्याच अवस्थेत ती खणात जाई आणि तशीच राही. "कुणाचा तरी अंगठा इथे येऊन थांबला," ते पाहुण्यांना सांगत. "कुणी हाक मारली असेल, दूध उतू गेलं असेल, नुसता कंटाळा आला असेल. तो थांबलेला अंगठा मी जपतो." दंतमंजनाच्या सरकवणीत एका हसऱ्या बाईचा जबडा तिच्या कपाळावर आलेला होता, ती त्यांची सगळ्यांत लाडकी. कोडी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याचा छोटासा अंक निघे, आणि त्यात कप्तानांनी या संग्रहावर एक मोठा लेख लिहिला होता. कप्तान आयुष्यभर नदीवरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळत होते, पण लोकांनी कप्तान म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्यांच्या लेखात 'तपस्या' असा शब्द होता. तेवढा परिच्छेद चष्मेवाल्यांनी बायकोला पुन्हा पुन्हा वाचून दाखवला होता.

बायको तो ऐकताना दर वेळी खिडकीबाहेर बघत राहायची. कारण खरी गोष्ट फार साधी होती आणि ती फक्त तिला ठाऊक होती. चष्मेवाल्यांना सरकवणी सोडवता येत नव्हती. पहिली ओळ ते लावत. दुसरीही घाम गाळून लावत. पण पुढचा तुकडा आत घ्यायला लावलेली ओळ थोडी मोडावी लागते, मग पुन्हा लावावी लागते, आणि तिथे त्यांचं घोडं अडे. जुळलेलं मोडायला त्यांचा हातच उठत नसे. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी बायकोला दाखवायला म्हणून एक सोडवायला घेतली होती आणि शेवटी चहा निवल्याचं कारण काढून उठले होते. त्यानंतर काही काळाने ते थांबलेल्या अंगठ्याचं तत्त्वज्ञान जन्माला आलं.

सासूबाई यायच्या आधी त्यांनी अगदी जिव्हाळ्याच्या मोजक्या सरकवण्या वर झोपायच्या खोलीत नेल्या. जबडेवाली बाई नेमकी राहून गेली. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न होता. ते बायकोला म्हणाले, आईंना तू सांग कपाटाला हात लावू नका म्हणून. बायको तलावावर पोहायला शिकवायची. पाण्यातल्या माणसांशी बोलून बोलून तिचा आवाज मोठा आणि वाक्यं तोकडी झाली होती. ती म्हणाली, "कपाट तुझं. तूच सांग."

आता सासूला 'हात लावू नका' असं जावयाने कोणत्या तोंडाने सांगायचं? आपल्या चष्म्यांच्या दुकानात काचा पुसता पुसता त्यांनी निरनिराळी वाक्यं जुळवून पाहिली. सासूबाई आल्या, पलंगावर टेकल्या, पाय उशीवर ठेवून झाला, आणि चष्मेवाले कपाटाकडे हात करून म्हणाले, "आई, यात माझ्या जुन्या वस्तू आहेत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

आपण सगळं काही सांगितलं, अशा समाधानात चष्मेवाले दुकानात गेले.

सासूबाईंनी उमेदीच्या काळात नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह चालवलं होतं. खोल्या कमी, बायका जास्त. कुणाला खिडकी हवी, कुणाला घोरणारी शेजारीण नको. सगळा जन्म त्यांनी ही इकडे, ती तिकडे करण्यात घालवला होता. नुसतं बसून राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वर्तमानपत्र त्यांनी जाहिरातींसकट वाचून संपवलं. खिडकीतून दिसणाऱ्या गल्लीत कोण कुणाकडे जातं तेही पाठ झालं. व्यायाम करवून घ्यायला एक बाई यायची, पण गुडघा वाकवायचा म्हटलं की सासूबाई तिला चहा घ्या, बिस्कीट घ्या करत वेळ मारून नेत. आणि मग एका दुपारी काठी टेकत त्या कपाटापाशी गेल्या.

संध्याकाळी चष्मेवाले घरी आले, तब्येत काय म्हणते हे विचारायला खोलीत डोकावले, आणि दारातच थबकले. खिडकीच्या कट्ट्यावर दंतमंजनाची बाई उभी करून ठेवली होती. तिचा जबडा जागेवर होता. ती सगळे दात दाखवून त्यांच्याकडे बघून हसत होती.

ते चष्मा काढून पुसू लागले, पण चष्म्याचा काही दोष नव्हता.

"जावईबापू, बिचारी किती दिवस तशी पडली होती," सासूबाई म्हणाल्या. "लावून टाकली."

रागाने, दुःखाने, आणि आपल्याला जन्मात जे जमलं नाही ते पलंगावर बसल्या बसल्या झालेलं पाहून चष्मेवाल्यांनी सरकवणी उचलली आणि पुन्हा कट्ट्यावर ठेवली. तोंडातून शब्द निघाला तो एकच. "वा," ते म्हणाले. "वा, आई."

तो 'वा' त्यांच्या चांगलाच अंगाशी आला. सासूबाईंना तोवर थोडा संकोच होता, तो गेला. दुसऱ्या दिवशी टायरवाल्यांचा खण रिकामा झाला. मग शिलाई मशीनं जुळली. मग आकडे शिपायांसारखे रांगेत उभे राहू लागले. चष्मेवाले रोज दुकान बंद करताना मनात म्हणत, आज सांगायचंच. आणि रोज घरी आल्यावर सासूबाई एखादी सरकवणी पुढे करून म्हणत, ही बघा, आणि ते म्हणत, वा. गोल सरकवणीसुद्धा त्यांनी कापसातून काढली आणि अंगठ्याने अशी गरगरा फिरवली, की चष्मेवाल्यांना बघवेना.

शेवटी त्यांनी बायकोला गाठून गाऱ्हाणं घातलं. आयुष्यभराचा संग्रह, कुणाकुणाच्या अंगठ्यांच्या खुणा, सगळं धुऊन निघतंय. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आईचा गुडघा किती वाकतो, पाहिलंस?"

त्यांनी पाहिलं नव्हतं. मग तिने सांगितलं. व्यायामवाल्या बाईने सासूबाईंशी सौदा केला होता: हातातली ओळ लागेपर्यंत गुडघा वाकवून ठेवायचा, ओळ लागली की सोडायचा. कालपरवापर्यंत जो पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा होता तो आता झकास मिटत होता. डॉक्टर खूश होते. "तेव्हा तू ठरव," बायको म्हणाली आणि तलावावर निघून गेली. त्यात ठरवण्यासारखं काय होतं? कोडी वाचवण्यासाठी सासूचा गुडघा आखडवला, असं म्हणवून घ्यायला कोणता जावई तयार होईल?

हे सगळंही चष्मेवाल्यांनी मुकाट गिळलं असतं. पण कप्तानांचा फोन आला. मंडळाची माणसं बऱ्याच दिवसांपासून संग्रह पाहायला येऊ म्हणत होती, त्यांचं जमलं होतं, दोन आठवड्यांनी रविवारी येतो म्हणाले. लांबून लांबून माणसं येतायत, अंगठे बघायला. चष्मेवाल्यांनी "या या" म्हटलं आणि फोन ठेवून तिथेच स्टुलावर बसले.

मग त्यांना आठवलं की बऱ्याच सरकवण्यांचे आपण फोटो काढलेले आहेत. जीव भांड्यात पडला. फोटो बघून जशी होती तशी पुन्हा करून ठेवायची, कुणाला कळणार? त्यांनी जबडेवाली बाई खिशात घालून दुकानात नेली, मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्राशेजारी फोटो टेकवून ठेवला आणि कामाला लागले. जबडा कपाळावर न्यायचा, त्यात काय मोठंसं? पण जबडा कपाळाशी गेला तेव्हा डोळे हनुवटीखाली आले. डोळे वर आणले तर नाक कानाच्या जागी जाऊन बसलं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की विस्कटलेलं चित्र फोटोबरहुकूम विस्कटणं आणि जुळवणं यांत काडीचा फरक नाही. दोन्हींना तीच अक्कल लागते, आणि तीच तर आपल्याकडे नाही. बाहेर गिऱ्हाईक खोकून खोकून थकलं. चष्मेवाले बाहेर आले तेव्हा त्यांचा स्वतःचाच चेहरा थोडा सरकल्यासारखा दिसत होता.

निदान जे उरलंय ते तरी वाचवायला हवं होतं. म्हणून त्यांनी एक डाव टाकला, आणि त्यात थोडी खुन्नसही होती हे त्यांना आतून कळत होतं. वर नेलेल्या सरकवण्यांत एक जुनी लाकडी पेटी होती. पंधरा चौकोन, सगळे ओळीने लागलेले, फक्त शेवटच्या ओळीत चौदा आणि पंधरा यांची अदलाबदल. ही जोडी सरळ होत नाही. जगातला कुणीही बसू दे, तुकडे उचलून न ठेवता ती सरळ होणारच नाही; सरकवण्या जमवणाऱ्यांत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चष्मेवाल्यांनी ती पेटी फडक्याने पुसली, खाली नेली आणि सासूबाईंच्या हातात ठेवली.

"आई, ही बघा जमतेय का. जरा अवघड आहे."

सासूबाईंनी पेटी पाहिली, जावयाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही आणलीत?" त्या म्हणाल्या.

डाव लागू पडला. कपाटाचे खण बंद राहिले. चष्मेवाले घरी येत तेव्हा सासूबाई पेटीवर वाकलेल्या असत, टक टक टक असा लाकडाचा आवाज येत असे, आणि त्या मान वर न करता "होईल, होईल" म्हणत. पहिल्या दिवशी चष्मेवाल्यांना गुदगुल्या झाल्या. जेवताना ते स्वतःशीच हसले तेव्हा बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. दुसऱ्या दिवशी हसू थोडं कमी आलं. पुढे सासूबाई जेवणाच्या ताटावरही पेटी घेऊन बसू लागल्या, सूप निवून जाऊ लागलं. व्यायामवाली बाई कुरकुरत गेली. ओळीला गुडघा असा सौदा होता आणि शेवटची ओळ काही लागत नव्हती, त्यामुळे गुडघा किती वेळ वाकवून ठेवायचा यावरून त्या दोघींत वाजलं. सासूबाईंच्या कपाळावर आठी आली. वसतिगृहातल्या कित्येक बायकांची भांडणं मिटवलेली ती बाई, दोन लाकडी चौकोनांपुढे हरल्यासारखी दिसायला लागली.

चष्मेवाल्यांना हे बघवेना. आपण केलं ते बरं केलं नाही, हे त्यांना दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बॅटरी मारतानाही जाणवू लागलं. एका दुपारी त्यांनी दुकानाच्या दाराला 'लवकरच येतो' अशी पाटी लावली आणि घर गाठलं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पेटी मांडीवर. चष्मेवाले समोरच्या खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

"आई, ती होत नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"ती पेटी. ती कुणालाच होत नाही. मला आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही बाकीच्यांना हात लावू नये म्हणून मी मुद्दाम दिली."

सासूबाईंनी पेटी बाजूला ठेवली आणि चष्मा नाकावर खाली ओढून जावयाकडे पाहिलं. "होत नाही हे मला दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. वसतिगृहात कुणी रजेवर गेली की एका खोलीत चार खाटा आणि तीन बायका उरत. एक खाट मोकळी, म्हणून हिला तिकडे, तिला इकडे करता येई. पण शेजारच्या खाटेवरच सरकायचं असं म्हटलं, तर कितीही फिरवा, कोण कुणाच्या मागे हे काही बदलत नसे. तसंच काहीतरी इथे आहे, असं त्यांना वाटलं. कागदाचे तीन तुकडे करून चार घरांत फिरवून पाहिले, खात्री पटली. लहान खोलीत जे होत नाही ते मोठ्या दालनात तरी कसं होईल, एवढाच काय तो अंदाज होता, पण पेटीने तो खोटा पाडला नाही.

"मग इतके दिवस टक टक करत का बसलात?"

"तुम्ही आपल्या हाताने आणून दिलीत," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत तुम्ही होऊन मला दिलेली ही पहिली वस्तू. देताना किती खुशीत होतात. म्हटलं, चालू दे थोडे दिवस. किती दिवस गप्प बसता तेही बघायचं होतं."

"आणि ती आठी? ते सूप?"

"सूप तुमच्या बायकोने केलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाले हसले. हसता हसता त्यांना एकदम मोकळं वाटलं आणि मग त्यांच्याच्याने राहवेना. त्यांनी सगळंच सांगून टाकलं. अंगठे, तपस्या, रविवारी येणारी माणसं, फोटो, आणि शेवटी ते, जे त्यांनी कप्तानांनाच काय, स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं: मला एकही सोडवता येत नाही.

सासूबाईंना याचंही नवल वाटलं नाही. एकदा त्यांनी शेवटची ओळ राहिलेली सरकवणी जावयाच्या हातात दिली होती, आणि जावयाने ती पेटत्या काडीसारखी परत केली होती. तेव्हाच त्यांना संशय आला होता. त्यांनी हात पुढे करून आकड्यांची एक पत्र्याची सरकवणी उचलली, विस्कटली आणि चष्मेवाल्यांना दिली. पुढचा तास दीड तास चष्मेवाल्यांनी ज्या शिव्या खाल्ल्या तशा शाळेतही खाल्ल्या नव्हत्या. मोडा, म्हणत सासूबाई. अहो मोडा ती ओळ, ती कुठे पळून जात नाही. आणि चष्मेवाले डोळे बारीक करून, दात उपटून घेतल्यासारखा चेहरा करून एकेक तुकडा मागे घेत. पाटीवरचं 'लवकरच' त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबलं. सरकवणी पूर्ण झाली नाही. पण तिसरी ओळ लागली, आणि त्यापायी सासूबाईंचा गुडघा आजवर वाकला नव्हता तितका वाकला, कारण शिकवण्याच्या भरात त्या तो सरळ करायचं विसरून गेल्या.

राहिला रविवार. सासूबाईंनी फोटोंवरून बऱ्याच सरकवण्या जशाच्या तशा विस्कटून दिल्या. जबडा पुन्हा कपाळावर गेला. ज्यांचे फोटो नव्हते त्या कशाही विस्कटून ठेवू, असं त्या म्हणाल्या. पण इथे चष्मेवाले अडून बसले. फोटोवरून केलं तरी तो अंगठा सासूबाईंचा, ते म्हणाले, कुणा अनोळखी माणसाचा नव्हे. कप्तानांना सांगावंच लागेल. बायकोने रविवारी तलावावरून सुट्टी घेतली. असा प्रसंग चुकवायचा नाही, असं तिने स्पष्टच सांगितलं.

कप्तान आले, मागे मंडळाची माणसं आली, दारातच ओव्हरकोट निघू लागले. चष्मेवाल्यांनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलंसुद्धा नाही. व्हरांड्यातच उभं करून त्यांनी सांगितलं की संग्रह पूर्वीसारखा राहिलेला नाही, सासूबाईंनी तो बहुतेक सोडवला, त्यांतल्या काही पुन्हा विस्कटल्या, आणि तसंही तपस्या वगैरे काही नव्हती. मला सोडवता येत नाहीत म्हणून मी सोडवत नव्हतो.

मंडळातल्या एका बाईने हातमोजा काढला होता तो पुन्हा घातला. कप्तानांचा चेहरा उतरला. त्यांनी तो लेख लिहिला होता, आणि मंडळाच्या अंकात एवढा मोठा लेख दुसऱ्या कुणाचा आला नव्हता. ते परत फिरणार असंच चष्मेवाल्यांना वाटलं. पण कप्तानांनी अखेर विचारलं, "वाकड्या तुकड्यांची, ती शिसवीची, तीही सोडवली?"

"ती मंगळवारी," आतून सासूबाईंचा आवाज आला.

कप्तान बूट न काढता आत गेले. त्या शिसवी सरकवणीची जोडीदारीण त्यांच्याकडे होती आणि ते तिच्याशी कित्येक हिवाळे झगडत होते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता सगळ्यांसमोर बाहेर पडलं. सासूबाईंनी त्यांना पलंगाशेजारी खुर्ची घ्यायला सांगितली. "आधी डोळे मिटा आणि मोठ्या ठोकळ्याला विसरा," त्या म्हणाल्या. "त्याच्याच मागे लागता, म्हणून तो येत नाही. कोपऱ्यातल्या लहानांना आधी हलवा." कप्तानांनी लहानांना हलवलं. चुकीचं हलवलं. त्यावर सासूबाईंनी त्यांना जे ऐकवलं ते फेरीबोटीवर कुणी कधी त्यांना ऐकवलं नसेल. मंडळाची माणसं सुरुवातीला भिंतीला टेकून उभी होती, मग एकेक जण पलंगाभोवती सरकत आला, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठायला तयार नव्हतं. हातमोजेवाल्या बाईने अक्षरांची एक सरकवणी उघडली आणि तिला ती जमेना, तेव्हा चष्मेवाल्यांनी पुढे होऊन, "ही ओळ मोडा थोडी," असं तिला सांगितलं. सांगितलं आणि स्वतःच लाजले. बायकोने हे दारातून पाहिलं. त्या दिवशी सूप पुन्हा गरम करून तिने आधी त्यांना वाढलं.

सगळे खूश होऊन गेले असं मात्र नाही. मंडळातल्या एका गृहस्थांना हा प्रकार अजिबात पसंत पडला नाही. ज्याला अर्थ होता ते सगळं घालवून बसलात, असं ते चष्मेवाल्यांना जाताना म्हणाले. चष्मेवाल्यांना ते लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. ते थांबलेले अंगठे खरोखरच गेले होते. त्या संध्याकाळी त्यांनी गोल सरकवणी पुन्हा कापसात ठेवली तेव्हा थोडा वेळ ते तिच्याकडे बघत बसले. मंडळाच्या पुढच्या अंकात त्यांच्याविषयी काहीच आलं नाही. कप्तानांनी फक्त एक छोटा मजकूर दिला होता: वाकड्या तुकड्यांसंबंधी अडचण असल्यास अमुक ठिकाणी एका बाईंना भेटावं, पण बोलणी खायची तयारी ठेवावी.

सासूबाईंचा गुडघा बरा झाला. त्या आपल्या घरी परत गेल्या तेव्हा चष्मेवाले स्वतः सामान घेऊन पोचवायला गेले, आणि 'प्रवास कसा झाला' हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही, कारण दोघंही सगळा वेळ मोटारगाड्यांच्या सरकवणीवर वाद घालत होते. फोन आता बायकोपेक्षा चष्मेवाल्यांनाच जास्त येऊ लागले. बायको त्यावर एवढंच म्हणाली, की आई माझी आहे, एवढं लक्षात असू दे.

चष्मेवाल्यांनी पहिली सरकवणी एकट्याने सोडवली ती दुकानात, दिवसाढवळ्या. तपासणीच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ बसले होते, नाकावर चाचणीची लोखंडी चौकट, तिच्यात काचा घातलेल्या. पुढची काच काढायला म्हणून चष्मेवाले वळले, तिथे ड्रॉवरमध्ये पत्र्याची सरकवणी होती. तीन तुकडे तेवढे राहिले होते. हात शिवशिवले. गृहस्थांना "हलू नका हं" असं सांगून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एक ओळ मोडली, फिरवली, पुन्हा लावली, आणि शेवटचा पंधरा टक्कन जागेवर बसला. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग हा आनंद कुणाला तरी दाखवायलाच हवा, असं वाटून त्यांनी सरकवणी गृहस्थांच्या अगदी डोळ्यांपुढे धरली.

"बघा," ते म्हणाले.

गृहस्थांनी मान पुढे केली, मागे घेतली, डोळे बारीक केले.

"हे तर आधीच्यापेक्षाही धूसर दिसतंय," ते म्हणाले. "काच बदला."